बागेतल्या मातीचा नकाशा काढून घेतला, दोन हंगाम वापरला, त्याचा अनुभव

नमस्कार मंडळी. वर्षभरात पंधरा-वीस जणांनी तरी फोन करून विचारलं की दादा तुम्ही ते माती स्कॅन करून घेतलं होतं त्याचा खरंच उपयोग झाला का, पैसे वसूल झाले का, आम्ही करावं का. प्रत्येकाला अर्धा-अर्धा तास फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतोय. लांबलचक होईल, पण ज्याच्याकडे बाग आहे आणि ज्याच्या बागेत एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला भलतंच असं चालतं त्याने शेवटपर्यंत वाचा. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण हल्ली जमिनीत वीज किती वाहते ते मोजणारं हे यंत्र घेऊन बरेच जण बांधावर येतात आणि कोणालाही बोलावलं तरी विचारायच्या गोष्टी त्याच आहेत.

आधी बाग सांगतो. निफाड तालुका, चार एकराचा सलग तुकडा, थॉमसन जातीची द्राक्षं, खाली डॉगरिज खुंट, ९ बाय ५ फुटांची लागवड, वाय आकाराच्या लोखंडी अँगलवर मांडणी, २०१४ ला लावलेली. एकरी ९६८ झाडं धरली तर पावणेचार हजाराच्या वर झाडं होतात. सगळ्यांना एकच छाटणी, डोळे फुटायला लावायची पेस्ट एकच, घड संजीवकात बुडवायचं डिपिंग एकच, ड्रीपचे दोन व्हॉल्व, दोन-दोन एकराला एक. आणि असं असूनही दरवर्षी वरच्या अंगाला मणी १५-१६ मिलिमीटरला येऊन थांबायचा, खालच्या अंगाला १८-१९ ला जायचा पण तिथे घडच कमी, नुसतं पान आणि बगलफुटी, डाऊनी रोग पहिला तिथेच दिसणार. आणि मधोमध एक तिरपा पट्टा, खरड छाटणीनंतर, म्हणजे एप्रिलच्या छाटणीनंतर, महिनाभरात पान पिवळं पडायला लागायचं, शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं. फेरस म्हणजे लोहाचं खत मारलं की आठ-दहा दिवस बरं, परत तेच. दहा वर्षं हे असंच चाललंय आणि दहा वर्षं मी सगळ्या बागेला एकच डोस देतोय.

माती परीक्षण करत नव्हतो असं नाही. दर दोन वर्षांनी करायचो. पण कसं, तर नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी खड्डा करून माती घ्यायची, घमेल्यात एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, शेवटी अर्धा किलो उरली की पिशवीत भरून लॅबला. आता विचार करा, वरचा मुरूम, मधला चुनखडीचा पट्टा आणि खालची काळी, तिन्ही एकाच घमेल्यात कालवल्यावर जो रिपोर्ट येतो तो कोणत्या मातीचा? त्या घमेल्यातली माती माझ्या बागेत एकाही झाडाखाली नव्हती. सरकारी मृदा आरोग्य पत्रिका पण आहे माझ्याकडे. २०१५ च्या फेब्रुवारीत सुरू झालेली ती योजना चांगलीच आहे, पण त्यात बागायती जमिनीला अडीच हेक्टरच्या चौकोनाला एक नमुना असा हिशोब असतो. अडीच हेक्टर म्हणजे सव्वासहा एकर, माझी अख्खी बाग त्या एका चौकोनात मावून वर सव्वादोन एकर उरतं. तालुक्यात साधारण काय कमी आहे ते कळायला ती ठीक, पण १४ नंबरच्या ओळीत पान पिवळं का हे तिच्यातून कळणार नाही.

तर २०२३ च्या सप्टेंबरात सर्व्हे करून घेतला. एकरी साडेतीन हजार, म्हणजे १४ हजार, लॅबमधल्या नमुन्यांचे पैसे वेगळे. तारीख मी मुद्दाम गोडी छाटणीच्या, म्हणजे ऑक्टोबरातल्या छाटणीच्या, आधीची घेतली आणि पाऊस उघडल्यावर जमीन वाफशावर आली, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही, तेव्हाच या असं सांगितलं. त्यांना मार्च-एप्रिल सोयीचं होतं कारण तेव्हा बाग मोकळी असते, पण तेव्हा सरीतली जमीन कोरडी ठाक असते, ड्रीपखाली बोद म्हणजे झाडांच्या ओळीचा वरंबा ओला आणि दोन ओळींमधली सरी वाळलेली, मग यंत्र मातीचा फरक मोजतंय का ओलीचा हे कळणारच नाही. हा मुद्दा पहिला लिहून ठेवा, वाफसा नसेल तर सर्व्हे करू देऊ नका.

यंत्र कसं चालतं ते मी त्या पोरांना खोदून खोदून विचारलं. दोन पोरं आली होती, कृषी पदवीवाली, बोलायला नीट, काका काका करून सगळं समजावून सांगत होती. प्लास्टिकच्या घसरगाडीवर साधारण मीटरभर लांबीची एक पट्टी ठेवलेली, वर जीपीएस, आणि एकजण ती दोरीने ओढत सरीतून चालतो. पट्टीच्या एका टोकाच्या कॉईलमधून चुंबकीय क्षेत्र सोडतात, त्याने जमिनीत बारीकसा विजेचा प्रवाह तयार होतो, त्या प्रवाहाचं जे उलट क्षेत्र तयार होतं ते दुसऱ्या टोकाची कॉईल मोजते. जमीन जितकी वीज वाहू देते तितका आकडा मोठा. कॅनडाच्या जिओनिक्स कंपनीचं ईएम ३८ हे या जातीतलं सगळ्यात ओळखीचं यंत्र, जगभर द्राक्षबागांत तेच फिरलंय, पट्टी उभी धरली की अंदाजे दीड मीटरपर्यंतची जमीन आणि आडवी धरली की पाऊण मीटरपर्यंतची. खड्डा नाही, खोदकाम नाही, एक आड एक सरी घेतली तरी चार एकरात तीन किलोमीटरच्या आसपास चाल झाली, सकाळी सातला चालू केलं आणि अकराला आवरलं. या बाबतीत सेवेला पूर्ण मार्क. वेळेवर आले, एक काडी मोडली नाही, जाताना गेट लावून गेले.

पण आता खरी गोष्ट ऐका. तो जो आकडा येतो तो मातीचा पीएच नाही, नत्र नाही, स्फुरद नाही, काहीही नाही. तो फक्त वीज किती वाहते हे सांगतो. आणि वीज जास्त वाहायला तीन कारणं असतात, चिकणमाती जास्त असेल तरी वाहते, ओल जास्त असेल तरी वाहते, क्षार जास्त असतील तरी वाहते. तिन्हींचा उपाय वेगळा. म्हणजे नकाशावर गडद रंग दिसला तर तिथे भारी कसदार काळी जमीन आहे का चिबड म्हणजे पाणथळ आहे का खारवट झालीये हे नुसत्या नकाशावरून कोणीही सांगू शकत नाही. हे कंपनीच्या जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

पहिला नकाशा आठ दिवसांनी मोबाईलवर आला. बघून चाट पडलो कारण त्यात ओळींच्या दिशेने सरळ पट्टे पट्टे होते, एक सरी गडद, तिच्या शेजारची फिकी, परत गडद. माती अशी ओळी आखून कुठे असते का. दोन दिवस विचार केला आणि मग सरीत जाऊन उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं. आपल्या बागेत दोन्ही बाजूला लोखंडी अँगल आणि तारा. यंत्र लोखंड लगेच पकडतं. सरीच्या अगदी मधून चाललं तर दोन्हीकडून सारखाच परिणाम होतो, सगळ्या आकड्यात सारखीच भर पडते, मग फरक फरकासारखा दिसतो. पण ट्रॅक्टरच्या चाकोरीत पाणी होतं तिथे तो पोरगा बाजूला सरकून चालला होता, कुठे डाव्या अँगलजवळ, कुठे उजव्या. फोन केला तर आधी ऑफिसातल्या माणसाने मला सांगितलं की तुमची जमीनच तशी आहे. मी म्हटलं साहेब या जमिनीत माझं उभं आयुष्य गेलंय, या आणि बघा. तीन वेळा फोन केल्यावर आले, सात सरी परत ओढल्या, नवीन नकाशा दिला, पैसे मागितले नाहीत. पण जो शेतकरी पट्टे बघून गप्प बसेल त्याच्या माथी तोच नकाशा बसणार, हे मला अजून खटकतं. विहिरीच्या कोपऱ्यात पण एक भडक ठिपका आला होता, तिथून जमिनीखालून जुना लोखंडी पाईप गेलाय हे मला माहीत होतं म्हणून तो सोडून द्या सांगितलं, नाहीतर तिथे पण एक वेगळा झोन पाडून मोकळे झाले असते.

दुसरा नकाशा मात्र बघण्यासारखा होता. मी तो मोठ्या कागदावर प्रिंट काढून ओट्यावर पसरला आणि नानांना बोलावलं. आमचे नाना ७८ वर्षांचे, चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. मग बोट ठेवलं त्या मधल्या तिरप्या पट्ट्यावर आणि म्हणाले, "ही तर आपली बाभळ." मला काही कळेना. मग सांगायला लागले की इथे एक उंचवटा होता, त्यावर बाभळ होती, आणि खाली पश्चिमेला लवण म्हणजे खोलगट जागा होती, पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचायचं, म्हशी बसायच्या. १९८४ च्या सुमाराला बुलडोझर लावून तो उंचवटा कापला आणि सगळी माती लवणात ढकलून रान एका पातळीत आणलं. मी तेव्हा लहान, मला बुलडोझर आठवतो पण माती कुठून कुठे गेली हे कधी विचारलंच नाही. चाळीस वर्षांपूर्वी कापलेला उंचवटा त्या कागदावर जसाच्या तसा उमटला होता, बांधापासून विहिरीपर्यंत तिरपा. अंगावर काटा आला खरं सांगतो. आणि वाईटही वाटलं, की घरातल्याच माणसाला आधी विचारलं असतं तर निम्मा नकाशा फुकट मिळाला असता. तुमच्या घरात जुनं माणूस असेल तर सर्व्हेच्या आधी त्यांना बागेत फिरवा, रान कुठे कापलं, कुठे भरलं, पाट कुठून जायचा, उकिरडा कुठे होता, सगळं विचारून घ्या.

कंपनीने गिरमिटाने सहा ठिकाणी दोन-दोन फुटांपर्यंतची माती काढून लॅबला पाठवली. मी म्हटलं खड्डे घ्या, चार फुटांचे, तर म्हणाले ते पॅकेजमध्ये नाही. मग मीच घेतले. जेसीबी मांडणीखाली जात नाही, दोन गडी लावले, नकाशावरचे चार रंग बघून चार खड्डे, सरीतून बोदाच्या कडेपर्यंत, म्हणजे मुळ्या पण दिसतील. मंडळी, या सगळ्या उद्योगात माझ्यासाठी सगळ्यात मोलाचे ते चार खड्डे.

वरच्या अंगाचा खड्डा, सव्वा फुटावर पहार खणखण वाजायला लागली, खाली निव्वळ मुरूम. मुळ्या सगळ्या वरच्या सव्वा फुटात चटईसारख्या पसरलेल्या. म्हणजे या झाडाची सगळी पाण्याची टाकीच सव्वा फूट खोल आहे, त्याला मी दोन दिवसाआड चार-चार तास पाणी देतोय, त्यातलं निम्मं मुरमातून खाली निघून जातंय आणि दुसऱ्या दिवशी दुपारी झाड तहानलेलं. मणी फुगणार कुठून. खालच्या लवणातला खड्डा, चार फूट गेलो तरी काळी माती संपेना, तळाशी ओलीचिक्क, हातात घेऊन दाबली की गोळा व्हायचा, आणि तीन फुटांच्या खाली मुळ्या काळपट, सडल्यासारख्या, पांढरी मुळी वरच्या भागातच. तिथेही मी तेवढंच पाणी आणि तेवढंच नत्र देत होतो, म्हणजे झाड नुसतं वाढत सुटणार, एप्रिल छाटणीनंतर चाळीस-साठ दिवसांत काडीत घड तयार व्हायच्या वेळेला आत ऊन जाणार नाही, आणि ऑक्टोबरात आपण म्हणणार या ओळींना घड कमी निघतात.

आणि तो बाभळीचा पट्टा. वरून एक फूट बरी माती, त्याखाली पिवळट राखाडी घट्ट चिकणमाती आणि तिच्यात पांढरे चुनखडीचे खडे, हरभऱ्याएवढे, काही बोराएवढे. माझा एक मित्र कृषी पदवीधर आहे, तो छोट्या बाटलीत पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड घेऊन आला होता. वरच्या मातीवर थेंब टाकला तर जरा फसफसलं. खालच्या थरावर टाकला तर सोड्याच्या बाटलीसारखा फेस वर आला आणि बराच वेळ उकळत राहिला. नाना काठावर बसून बघत होते. मुळ्या त्या थरापर्यंत जाऊन आडव्या वळलेल्या, खाली एकही नाही. उंचवट्यावरची चांगली माती कापून लवणात गेली, उघडं पडलेलं पोट वर राहिलं, आणि त्यावर आपण द्राक्ष लावलं. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं पण झाडाला घेता येत नाही, म्हणून शिरा हिरव्या आणि पान पिवळं. दहा वर्षं मी वरून फेरस मारत होतो त्याचं कारण एक फूट खाली होतं.

आता लक्ष द्या. नकाशावर हा पट्टा आणि खालची काळी जमीन दोन्ही एकाच गडद निळ्या रंगात होत्या. पट्ट्यात घट्ट चिकणमाती आणि थोडे क्षार म्हणून आकडा मोठा, लवणात खोल काळी आणि ओल म्हणून आकडा मोठा. कंपनीच्या ३२ पानी रिपोर्टमध्ये दोन्ही मिळून एकच झोन, आणि त्या झोनला एकच शिफारस, एकरी इतकं जिप्सम. जिप्सम द्यायचं असतं ते चोपण जमिनीत, जिथे सोडियम जास्त झालाय तिथे. माझ्या पट्ट्यात त्यांच्याच लॅबच्या रिपोर्टप्रमाणे सोडियम हद्दीत होता, त्रास होता चुनखडीचा, म्हणजे कॅल्शियम आधीच नको इतका, त्यात आणखी कॅल्शियम घालून काय होणार. मित्राने सांगितलं तसं तिथे शेणखतात मिसळून गंधक बोदात द्यायला सुरुवात केली. गंधकाने सगळी चुनखडी विरघळणार नाही, तेवढी चुनखडी संपवायला पिढ्या जातील, पण मुळीच्या जवळचा पीएच थोडा खाली येतो आणि लोह हाताला लागतं. रिपोर्टची भाषा पण सगळी इंग्रजी, रंगीत ग्राफ भरपूर, आणि शेतकऱ्याने उद्या सकाळी उठून काय करायचं हे शोधून सापडत नाही. सर्व्हे करणारी पोरं हुशार होती, रिपोर्ट लिहिणारा मात्र बागेत आलाच नव्हता हे प्रत्येक पानावर कळत होतं, आणि १४ हजार घेऊन असं करू नये.

लगेच बदल करायचे होते पण २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट आठवत असेल सगळ्यांना. तो हंगाम गेला, हातात पैसा नव्हता, एप्रिल २०२४ पर्यंत थांबलो. मग खरड छाटणीच्या विश्रांतीत ड्रीपची सबमेन म्हणजे जमिनीतला मोठा पाईप तोडला आणि दोनाचे चार व्हॉल्व केले, पण एकरात मोजून नाही, नकाशा आणि खड्डे बघून. वरचा मुरूम एक, मधला बरा भाग एक, पट्टा एक, लवण एक. वरच्या भागाला दुसरी लॅटरल म्हणजे ड्रीपची नळी टाकली, कमी ताशी लिटरचे पण जास्त ड्रीपर, आणि रोज सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी. लवणाला दोन दिवसाआड, आणि एप्रिल छाटणीनंतरचं नत्र जवळजवळ निम्म्यावर आणलं. पाईप, व्हॉल्व, मजुरी धरून चाळीस हजारांच्या आसपास गेले, म्हणजे सर्व्हेपेक्षा जवळपास तिप्पट. हे कोणी आधी सांगत नाही. नकाशा काढून ड्रीप तसंच ठेवणार असाल तर नकाशा भिंतीला लावायच्या कामाचा. ज्याचे व्हॉल्व बदलायची तयारी नाही त्याने सर्व्हेचे पैसे घालवू नयेत, हे माझं स्पष्ट मत आहे.

पान-देठ परीक्षण पण आता वेगवेगळं करतो. खरड छाटणीनंतर ४५ दिवसांच्या आसपास आणि परत फुलोऱ्यात, तीन भागांचे तीन नमुने. पहिल्याच वेळी लवणातल्या देठात नत्र भरपूर आणि वरच्या भागात कमी आलं, पूर्वी दोन्हीचं मिळून मध्यम यायचं आणि मी मध्यम म्हणून समाधानी.

२०२४-२५ च्या हंगामात फरक दिसला. वरच्या अंगाचा मणी पहिल्यांदा १७ च्या वर गेला, सगळा नाही पण बराचसा. लवणात काड्या मोजून डोळे ठेवले, कॅनॉपी म्हणजे पानांचा पसारा मोकळा राहिला, घड आधीपेक्षा बरे आले. पट्टा अजूनही ओळखू येतो, पण आधी लिंबासारखं पिवळं पान व्हायचं ते आता पोपटी राहतं. आणि काढणीचा फायदा मी धरलाच नव्हता. आधी व्यापारी आला की बागेत कुठेही चार-दोन मणी घेऊन ब्रिक्स म्हणजे साखर बघायचा, कधी १८ कधी १५, त्यावरून भाव पाडायचा. आता मी आधीच तिन्ही भागांचं ब्रिक्स काढून ठेवतो आणि वरचा भाग आधी, लवण आठ-दहा दिवसांनी अशी दोन तोड्यात काढणी करतो. एकसारखा माल एकावेळी निघतो, पॅकिंगच्या बायका पण म्हणाल्या की भाऊ यंदा निवडायला सोपं गेलं.

यंदाचं म्हणाल तर २०२५ ला मे महिन्यातच पाऊस लागला आणि पुढे सोडेचना, घड तयार व्हायच्या दिवसांत ऊन नाही, सगळ्यांचेच घड कमी आले, माझेही. नकाशा पाऊस थांबवत नाही. पण लवणाच्या कडेने, जिथे सगळ्यात गडद रंग होता तिथून, आदल्या उन्हाळ्यात तीन फुटी चारी काढून ठेवली होती, तिच्यातून पाणी वाहताना बघितलं आणि जीव भांड्यात पडला. आधी त्या पाण्यात माझ्या झाडांची मुळं आठ-आठ दिवस बसलेली असायची.

काही जण विचारतात की सॅटेलाईटचा नकाशा फुकट मिळतो, मग हे कशाला. मी तो पण बघतो. युरोपच्या सेंटिनेल-२ चे फोटो दर पाच दिवसांनी मिळतात, १० मीटरचा एक चौकोन, म्हणजे चार एकरात १६० च्या आसपास चौकोन येतात. पैसे न देता बाग कुठे कमी-जास्त वाढते ते कळतं. पण तो पानाचा फोटो आहे, मातीचा नाही, पानं कमी का आहेत हे तो सांगत नाही, पावसाळ्यात ढगच दिसतात, आणि मांडव एकदा पूर्ण भरला की सगळंच हिरवं. ज्याला एक रुपयाही घालायचा नाही त्याने तो बघून कुठे खड्डे घ्यायचे ते ठरवावं, काहीच न करण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

ऑस्ट्रेलियात हे काम फार आधीपासून चालू आहे. तिथल्या सीएसआयआरओ संस्थेच्या रॉब ब्रॅम्ली यांनी वाईनच्या बागांत कापणी यंत्रावर मोजमाप लावून दाखवलं की एकाच बागेत कमी उत्पन्नाच्या आणि जास्त उत्पन्नाच्या जागेत दहा पटीपर्यंत फरक असतो, आणि वर्ष बदललं, एकूण माल कमी-जास्त झाला तरी कुठे कमी आणि कुठे जास्त ही ठेवण बरीचशी तशीच राहते. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण कंपनीने मला दुसऱ्या वर्षी फोन केला की वार्षिक वर्गणी भरा, दरवर्षी स्कॅन करून देतो. अहो मुरूम सव्वा फुटावर आहे तो पुढच्या वर्षी दोन फुटांवर जाणार आहे का? मातीची खोली, चुनखडी, चिकणमाती या गोष्टी वर्षाला बदलत नाहीत. एकदा नीट करून घ्या, वाफशावर, बस. दरवर्षी पैसे घालायचे असतील तर देठ परीक्षणात घाला.

मार्क द्यायचे तर यंत्राला आणि त्या दोन पोरांना पाचपैकी साडेचार, रिपोर्टला दीड, ऑफिसमधल्या फोनला एक. सगळं मिळून सेवा घ्यावी का, तर हो, पण ठरवून घ्या. पैसे देण्याआधी हे वदवून घ्या की जमीन वाफशावर असतानाच येणार, सरीच्या मधोमधच चालणार, नकाशात पट्टे आले तर परत ओढणार, नुसता रंगीत नकाशा न देता प्रत्येक जागेचा मूळ आकडा एक्सेलमध्ये देणार, आणि खड्डे घेताना त्यांचा माणूस तुमच्याबरोबर खड्ड्यात उतरणार. शेवटच्याला नाही म्हणाले तर दुसरा बघा. एक-दीड एकराची, कधीच न कापलेली सपाट बाग असेल तर सर्व्हेच्या भानगडीत न पडता दोन-तीन खड्डे घ्या, तेवढ्यात काम होईल. रान कापून-भरून सपाट केलेलं असेल, नदीकाठ किंवा माळ-लवण असं मिश्र असेल, किंवा चार-पाच एकराच्या पुढे एकच तुकडा असेल तर मात्र नक्की करा.

आणि ज्याला नवीन लागवड करायची आहे त्याने तर अँगल गाडायच्या आधीच करा. तेव्हा लोखंडाचा त्रास नाही, यंत्र हवं तसं आडवं-उभं फिरवता येतं, सबमेन कुठून टाकायची, ओळी कुठल्या दिशेने घ्यायच्या, कोणत्या भागात डॉगरिज आणि कोणत्या भागात ११० आर खुंट लावायचा हे सगळं कागदावर ठरवता येतं. मी हे दहा वर्षं उशिरा केलं. खालच्या गटातली दोन एकर जुनी बाग यंदा काढतोय. काढणी झाली की अँगल उपटून घेणार, पावसाळाभर रान मोकळं ठेवणार आणि सप्टेंबरात वाफसा आला की परत त्याच दोन पोरांना बोलावणार आहे, नंबर त्यांचे वैयक्तिक घेऊन ठेवलेत. नानांना आत्ताच विचारून ठेवलंय, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या रानात विहिरीचा गाळ टाकलेली एक जागा आहे, कुठे ते त्यांनी काठीने रेघ ओढून दाखवलंय आणि मी तिथे खुंट्या ठोकून ठेवल्यात.